अंजिराचे वाण आणि पठारावरची हवा

अंजिराचे झाड चिवट असते. हलकी मुरमाड जमीन, चुनखडी, पाण्याची ओढ हे सगळे ते सोसते. फळ मात्र तितकेच नाजूक. त्यामुळे वाणाची निवड करताना झाड जगेल की नाही हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नसतो. फळ पिकण्याच्या महिनाभरात हवा कशी असेल, हे आधी पाहावे लागते. ती हवा कोरडी, दिवस उबदार आणि रात्री थंड असतील तर साधे देशी वाणही गोड होते. ती दमट असेल तर नामांकित वाणाचे फळसुद्धा झाडावरच तडकते आणि आंबते. पुरंदर तालुक्यात प्रस्तुत लेखकाने केलेल्या अंजीरशेतीचा अनुभव हाच आहे.

निवडीची पहिली चाळणी परागीभवनाची. अंजिराची फुले फळाच्या पोटात असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त एक बारीक गांधीलमाशी. सामान्य गटातील वाणांना तिची गरज लागत नाही. त्यांची फळे परागीभवनाशिवाय वाढतात आणि पिकतात. स्मर्ना गटाला ती लागतेच, आणि तिच्या वास्तव्यासाठी रानटी नर अंजिराची झाडेही जवळ असावी लागतात. सॅन पेद्रो गटाचा जुन्या काडीवरचा पहिला बहर माशीशिवाय येतो, दुसरा येत नाही. कॅलिफोर्नियात 1880 च्या दशकात स्मर्नाच्या काड्या नेऊन लावल्या, तेव्हा झाडे उत्तम वाढली, पण फळे गळत राहिली. 1899 मध्ये ती माशी तिथे रुजली तेव्हा कुठे पीक हाती आले. महाराष्ट्रात ती माशी नाही. उंबराच्या फळात चिलटांसारख्या माश्या दिसतात, पण त्या उंबराच्या. अंजिराला त्यांचा उपयोग नाही.

हे पुस्तकी वाटेल, पण त्याचा फटका खरा असतो. सुक्या अंजिराचे रंगीत चित्र लावून ‘तुर्की’ म्हणून विकलेली रोपे लेखकाच्या शेजारच्या बागेत लागली होती. झाडे डेरेदार झाली. फळे गोटीएवढी होत, पिवळी पडत आणि खोडाभोवती त्यांचा सडा पडे. एखादे उचलून कापले की आत गर नसे, नुसती कोरडी पोकळी. विकणाऱ्याने वाणाचे नाव खरे सांगितले होते की नाही, कोण जाणे. लक्षणे मात्र स्मर्ना गटाची होती. रोप घेताना ‘हे माशीशिवाय फळते का’ एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मा धोका टळतो.

दुसरी चाळणी पावसाची. पुरंदरची सासवड, दिवे, सोनोरी ही गावे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात आणि तिथे वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. अंजिराला एवढा पाऊस पुरे. जास्त झाला की तांबेरा येतो. पानाच्या वरच्या बाजूला बारीक पिवळे ठिपके दिसू लागतात. पान उलटून बोट फिरवले की नारिंगी-तपकिरी भुकटी बोटाला लागते. ती दिसली की आठवडा-पंधरवड्यात पानगळ सुरू होते, आणि पान गेले की फळात साखर भरत नाही. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर झाली तर रोग आटोक्यात राहतो. पण सततच्या रिमझिमीत फवारलेले धुऊन जाते, तेव्हा फवारणीच्या भरवशावर दमट मुलखात बाग धरू नये. कोकणातल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात अंजिराची व्यापारी बाग न लावलेलीच बरी. हौस असेल तर पत्र्याच्या पडवीत, मोठ्या कुंडीत एखादे झाड ठेवावे.

फळाच्या टोकाला एक छिद्र असते, बागाईतदार त्याला डोळा म्हणतात. डोळा उघडा असलेल्या वाणात पावसाचे पाणी, मुंग्या आणि आंबवणारे जंतू थेट आत जातात. दमट भागासाठी म्हणूनच बंद डोळ्याची वाणे निवडतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दमट राज्यांत ‘सेलेस्ट’ हे वाण घरोघरी टिकून राहिले, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे रोप विकत घेताना डोळा पाहणारा गिऱ्हाईक विरळा. पाहायला हवा.

तिसरी बाब उष्णतेची आणि थंडीची. पानगळ होऊन झोपलेले अंजिराचे झाड गोठणबिंदूखालची थंडीही काही अंशी सोसते, आणि बहर येण्यासाठी त्याला सफरचंदासारखी लांब थंडी लागत नाही. दख्खनच्या पठारावर ते म्हणूनच जमते. उन्हाचे गणित वेगळे. पारा 40 अंशांच्या आसपास टिकला की फळ वेळेआधी पिकते, साल जाड होते आणि गर कोरडा पडतो. एप्रिलच्या शेवटी उतरवलेल्या फळात हा फरक जिभेला लगेच कळतो.

आता प्रत्यक्ष वाणे. पुरंदरात सर्वाधिक लागवड ‘पुणे अंजीर’ या सामान्य गटातील वाणाची आहे. फळ मध्यम, घंटेच्या आकाराचे, साल पातळ, हिरवटावर जांभळी झाक, गर तांबूस. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले राजेवाडी’ याच हवेत तपासलेले आहे. ‘दिनकर’ हे दौलताबादी अंजिरातून निवडलेले, मराठवाड्याकडे चालणारे. ‘डायना’ची फळे पिवळसर आणि सुकवायला बरी, कर्नाटकात बल्लारीच्या कोरड्या पट्ट्यात ती चांगली रुळली. आपल्या ताज्या अंजिरात पाणी फार, साल पातळ, म्हणून ते सुकवून अफगाणी माळेतल्या अंजिराशी स्पर्धा करता येईल ही आशा ठेवू नये. सुकवायचेच असेल तर वाण त्याच हेतूने निवडावे.

इथल्या हवेत वाणाइतकाच बहर महत्त्वाचा, किंबहुना लेखकाच्या मते जास्तच. झाड एकच, पण पावसाळ्यातला खट्टा बहर आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा मीठा बहर यांतले फळ ओळखू येणार नाही इतके वेगळे. मीठ्या बहरासाठी पावसाळा सरता सरता बागेला ताण देतात, छाटणी करतात, खत-पाणी सुरू करतात. फळ थंडीत वाढते आणि फेब्रुवारीपासून पुढे उतरते. दोन्ही बहर एकाच झाडावर घेतले तर झाड थकते. बागेचे दोन भाग करून एकेक बहर धरणे श्रेयस्कर. जिथे मार्चमध्येही अवकाळीची सवय लागली आहे, तिथे थोडी लवकर छाटणी करून हंगाम अलीकडे ओढता येतो. वाण बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

बाजाराचे अंतर हीसुद्धा हवामानाइतकीच कठोर मर्यादा आहे. कच्चे तोडलेले अंजीर मऊ पडते, पण गोड होत नाही. पिकलेले तोडले तर दोन दिवसांत उतरते. त्यामुळे तोडणी पहाटे करतात. देठातून पांढरा चीक ओघळतो, बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, म्हणून बायका पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घालून तोडणीला येतात. पाटीत अंजिराचीच पाने अंथरून फळे एकमेकांना न दाबता लावली जातात आणि गाडी उजाडायच्या आत पुण्याच्या बाजाराकडे निघते. ज्याच्या गावापासून मोठे शहर दूर आहे, त्याने पातळ सालीचे पुणे अंजीर लावण्यापूर्वी प्रक्रियेची सोय कुठे आहे ते पाहावे.

रोपे गुटी कलमाची किंवा पक्व काडीच्या छाट कलमाची घ्यावीत. बियांची रोपे वाणाशी इमान राखत नाहीत. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमीचे लक्षण, असे रोप फुकट मिळाले तरी नको. आणि मातृवृक्ष पाहिल्याशिवाय रोपे उचलू नयेत. शक्यतो तो आपल्याच तालुक्यातला, आपल्याच पावसात उभा असलेला असावा, आणि त्याचे फळ भर हंगामात स्वतः तोडून खाऊन पाहावे.