अबोला आणि प्रदक्षिणा

इंदूरहून ओंकारेश्वर अवघे ऐंशी किलोमीटरांच्या आतबाहेर. तीर्थ इतके जवळ असले म्हणजे माणूस स्वतः होऊन तेथे जात नाही. पाहुणे आले म्हणजे पाहुण्यांना नेतो. आम्हीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दहा-बारा वेळा तरी ओंकारेश्वरास गेलो असू, पण ते नेहमी कोणाचे तरी वाटाडे म्हणून. पूल ओलांडावा, दर्शन घ्यावे, कळस आणि लिंग एका रेषेत नाहीत ही मौज पाहुण्यांना दाखवावी, येताना अलीकडच्या काठावरील ममलेश्वरास नमस्कार करावा. दोहोंपैकी खरे ज्योतिर्लिंग कोणते, या वादात कुटुंबाच्या शांततेसाठी आम्ही कधी पडलो नाही. मात्र मांधाता बेटाला पायी प्रदक्षिणा कधी घडली नव्हती. ती गेल्या मार्गशीर्षात घडली, आणि तिचे श्रेय आमच्याकडे यत्किंचितही नाही.

ते आमच्या सौभाग्यवतीकडे आहे. तिचे वय एक्कावन्न. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यापासून तिच्या अंगी नवनवीन साहसे संचरू लागली आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती स्कूटर शिकली. पहिल्याच आठवड्यात ती स्कूटर मटारांच्या एका हातगाडीत शिरली. भाजीवाल्याची समजूत घालण्यासाठी तिने सांडलेला सगळा मटार तोलून विकत घेतला, आणि पुढे आठ दिवस आमच्या घरी उसळ, करंज्या, भात, पराठे अशा नाना रूपांनी तो मटार प्रकट होत राहिला. "नर्मदामाईने वाचवले हो," असे ती ज्याला त्याला सांगे. ब्रेकनेही वाचवले असते, असे आम्ही एकदा सुचविले. तेव्हापासून आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

देवाशी तिचे बोलणे शेजारणीशी असावे तसे. गॅस संपत आला की, "बाप्पा, एवढ्या पोळ्या होईपर्यंत टिकव, मग बघू." दूध उतू गेले की, "महादेवा, तुला हवे होते तर सांगायचेस, वाटीत दिले असते." आम्ही एम. ए. ला संतवाङ्मय अभ्यासिले आहे. भक्तीचे नऊ प्रकार आम्हांस मुखोद्गत आहेत. हा प्रकार त्यांत कोठे बसवावा, हे मात्र आम्हांस कधी उमगले नाही.

मागल्या वर्षी हे बोलणे बंद पडले.

तिची धाकटी बहीण आजारी पडली. आजार असा की डॉक्टर बोलताना आपल्याकडे न पाहता कागदांकडे पाहतात. सौ.ने सोळा सोमवारांचे व्रत धरले. चौदावा सोमवार झाला आणि बुधवारी सकाळी बहीण गेली. बऱ्हाणपुराहून परत आल्यावर सौ.ने देवघराकडे पाहिले, हातातली पिशवी ठेवली आणि म्हणाली, "यापुढे पूजा तुम्ही करा." एवढेच. पुढील वर्षभर पूजा आम्ही केली. स्वयंपाकघरातून मधून मधून सूचना येत : "गंध पातळ झाले असेल." "बाळकृष्णाला उलटा ठेवलात का?" ती तेथून न पाहता हे कसे ओळखी, देव जाणे, पण स्वतः ती देवघराच्या उंबऱ्याशी आली नाही. आम्ही शाळेत चौदाशे मुलांना शिस्त लावतो. घरातील या एका अबोल्यापुढे आमची मात्रा चालली नाही.

तेव्हा गल्लीतल्या भजनी मंडळाने मिनीबस ठरवून ओंकारेश्वरास जाण्याचा बेत केला आणि सौ. "येते" म्हणाली, याचे आम्हांस नवल वाटले. तिने लगेच खुलासा केला, "देवळात मी जाणार नाही. बेटाला वळसा घालीन. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे." बरोबर एखादा पुरुष असावा म्हणून आमची वर्णी लागली.

सिमरोल मागे टाकून बस भेरू घाट उतरू लागली तशी भजने थांबली आणि आल्याच्या वड्या फिरू लागल्या. घाटातील वळणांपुढे सुरांचे काही चालत नाही. बडवाह, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल. तेथे सौ. खिडकीबाहेर रेल्वेचा पूल शोधू लागली. १९८४ साली, दहा वर्षांची असताना, वडील तिला आणि आठ वर्षांच्या धाकटीला घेऊन ओंकारेश्वरास आले होते; बऱ्हाणपुराहून खांडव्यास, तेथून मीटर गेजच्या छोट्या गाडीने ओंकारेश्वर रोड. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊन इंदुरास आणविलेली ती रेल्वे. महूपासून ओंकारेश्वर रोडपर्यंतचा तिचा तुकडाही २०२३ साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाला. हा सगळा इतिहास आम्ही बसमध्ये सविस्तर सांगितला. सौ. म्हणाली, "धाकटीने गाडीच्या खिडकीतून एक चप्पल टाकली होती. दोन टाकायच्या होत्या. बाबांनी एक वाचवली."

मंदिरापाशी पोचल्यावर तिने शब्द पाळला. "तुम्ही सगळ्या जा. मी चपला सांभाळते." आम्ही दर्शन घेऊन परतलो तेव्हा सव्वीस चपला जोडीजोडीने लावून ती पायरीवर बसली होती, आणि आणखी दोन अनोळखी कुटुंबांनी विश्वासाने आपली पादत्राणे तिच्या हवाली केली होती.

मंडळातील बहुतेकींनी नावेतून प्रदक्षिणा करण्याचे ठरविले. मांधाता बेटाभोवतालची पायवाट सुमारे सात किलोमीटरांची, चढउतारांची. दोघींचे गुडघे, एकीचा रक्तदाब, उरलेल्यांची एकमेकींना सोबत. निघालो आम्ही दोघेच. निघताना शेजारच्या काकूंनी सव्वा किलो हरभऱ्याच्या डाळीची पिशवी सौ.च्या हाती दिली : "ऋणमुक्तेश्वराला माझ्यातर्फे वाहा. मुलाचे घराचे कर्ज आहे." हरभऱ्याची डाळ वाहिली असता ऋण फिटते, अशी तेथील श्रद्धा. "तुमच्यातर्फे वाहीन," सौ. म्हणाली. 'तुमच्या' या शब्दावर तिने दिलेला जोर आमच्या ध्यानी आला.

पायवाटेच्या कडेने गीतेचे श्लोक कोरलेल्या शिळा उभ्या केल्या आहेत. शिक्षकाच्या जातीला अक्षर दिसले की पाय थबकतात. दर शिळेपाशी आम्ही उभे राहून वाचीत होतो, आणि सौ. दर वेळी शंभर पावले पुढे गेलेली असे. डाव्या हाताला खाली नर्मदा हिरवी आणि संथ. वरच्या अंगाला धरण झाल्यापासून तिचे चढणे-उतरणे माणसांच्या हाती गेले आहे; घाटावर तशा सूचनांच्या पाट्या आहेत. बेटाच्या पश्चिम टोकाला संगम लागतो. येथे नर्मदेस मिळणाऱ्या प्रवाहाला कावेरी म्हणतात. ही दक्षिणेतली कावेरी नव्हे, इथलीच. तिचे पाणी नर्मदेतून आरपार जाऊन बेटाला वळसा घालून पुन्हा तिला भेटते, अशी लोकांची समजूत. एकदा भेटून भागले नाही म्हणून दुसऱ्यांदा भेटणारी नदी. भूगोलाचे आमचे सहकारी काहीही म्हणोत, ही समजूत आम्हांस आवडते.

ऋणमुक्तेश्वर अगदी पन्नास पावलांवर असताना ते घडले. झाडावरून एक वानर उतरले, सौ.कडे एखाद्या वसुली कारकुनाच्या नजरेने त्याने पाहिले, आणि पिशवी हिसकली. पिशवी फाटली. पाऊण किलो डाळ वानरासह झाडावर गेली, उरलेली वाटेवर सांडली.

"अरे महादेवा!" सौ. कडाडली. "तुझ्या दारात चोरी, आणि तू आपला बसून बघतोस? लाज वाटत नाही?"

आणि एकदम थांबली. वर्षभराने तोंडून गेलेले ते पहिले नाव. जीभ दातांखाली धरून तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही तत्परतेने जवळच्या शिळेकडे वळलो आणि कर्मयोगावरील एक श्लोक फार एकाग्रतेने वाचू लागलो.

मागे वळून पाहिले तेव्हा ती खाली बसून डाळ निवडीत होती. खडे काढून ओंजळभर डाळ तिने देवळात नेऊन ठेवली, हात जोडले नाहीत. बाहेर येऊन म्हणाली, "काकूंचे निम्मे कर्ज फिटले. उरलेले वानराने घेतले आहे, त्याच्याशी त्यांनी बोलावे."

तेथून चढ लागतो. चढावर तिचे गुडघे बोलू लागले आणि आमचा श्वास. वर आलो तसा आद्य शंकराचार्यांचा एकशे आठ फुटी पुतळा दिसू लागला. २०२३ च्या सप्टेंबरात त्याचे अनावरण झाले. गोविंदपादांचा शोध घेत केरळाहून बालशंकर येथवर आले, त्या वेळचे बारा वर्षांचे रूप त्यात दाखविले आहे. अद्वैताविषयी चार शब्द सांगावे म्हणून आम्ही घसा साफ केला. सौ. पुतळ्याकडे पाहत म्हणाली, "बारा वर्षांचे पोर. आईला सोडून इतक्या लांब. वाटेत जेवायला कोणी घातले असेल याला?" अद्वैत आम्ही गिळले. पुण्याच्या चिरंजिवांना तिने तेथूनच फोन लावला आणि "जेवलास का?" एवढेच विचारले.

पठारावर गौरी सोमनाथाचे जुने, उंच दगडी मंदिर आहे. लोक त्याला मामा-भाच्याचे मंदिर म्हणतात. आतील शिवलिंग पुरुषभर उंचीचे, काळे, गुळगुळीत. एकट्या माणसाच्या कवेत ते मावत नाही. मामा आणि भाचा दोन बाजूंनी मिठी मारतील तरच हात हाताला पोचतात, असे सांगतात. आम्हांस वाटले, सौ. येथेही बाहेर थांबेल. पण ती दारात क्षणभर उभी राहिली आणि सरळ आत गेली.

तेथे तिने जे सांगितले ते इतक्या वर्षांत आम्ही ऐकले नव्हते. १९८४ साली दोघी बहिणींनी या लिंगाला दोन बाजूंनी मिठी मारली होती. हात पोचले नाहीत, वीतभर राहिले. पुजारी हसला, वडील म्हणाले, हे काम मामा-भाच्यांचे. धाकटी रडायच्या बेतात, मग तीच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी हात लांब होतील." पुढे लग्ने झाली, मुले झाली, दोघींचे हात यथाकाल लांब झाले. पुढची वेळ आली नाही.

आम्ही पुढे होऊन म्हणालो, "चल, आपण दोघे करू." सौ.ने आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, पण आम्ही दोन पावले मागे सरलो.

तेवढ्यात हिरवे लुगडे नेसलेली, कोपरापर्यंत बांगड्या भरलेली एक निमाडी बाई नातवाला घेऊन आत आली. नातू सहा-सात वर्षांचा. त्याने एका बाजूने मिठी मारून पाहिली. त्याचे हात निम्म्यावरही गेले नाहीत. बाईने इकडे तिकडे पाहिले, सौ.वर तिची नजर ठरली. "बाई, तुम उधर से आओ," ती म्हणाली, जणू पाण्याची घागर उतरवायला हात मागावा तशी.

सौ. गेली. दोघींनी गाल दगडाला टेकले आणि हात पसरले. एकीला दुसरी दिसत नव्हती. नातू पंच झाला. "थोड़ा और! दादी, थोड़ा और! माई, ऊपर, ऊपर!" बांगड्या दगडावर वाजत होत्या. चाचपडणारी बोटे एकमेकांना चुकवून वरखाली जात होती, आणि त्या गडबडीत दोघींना हसू फुटले. पोटभर हसू, गाल दगडाला चिकटलेलेच. "मिल गया!" पंचाने निकाल दिला.

हात मिळाले, हसणे चालू राहिले. मग एकीचे थांबले. दुसरीचे चालूच होते. ते अद्याप हसणेच होते की काय, हे गाभाऱ्यातील त्या अंधुक उजेडात आम्हांस नीट कळले नाही. बाईने काही विचारले नाही. तिने सौ.ची बोटे धरली होती ती सोडलीही नाहीत. नातू कंटाळून बाहेर नंदीपाशी गेला. बऱ्याच वेळाने बाई म्हणाली, "नर्मदे हर." सौ. म्हणाली, "नर्मदे हर." बाई आपल्या वाटेने गेली. नाव, गाव, काही नाही.

पुढे सिद्धनाथाचे मंदिर आले. त्याच्या जोत्यावर कोरलेले हत्ती पाहण्यासारखे आहेत. त्यांच्याविषयी एरवी आम्ही एक पान लिहिले असते. त्या दिवशी सौ. एका हत्तीच्या सोंडेखाली टेकून पाणी प्याली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "हात लांब व्हायला चाळीस वर्षे लागली." मग उतार, मग घाट, मग मंडळातील बायकांच्या प्रश्नांचा भडिमार. बसमध्ये वानराची गोष्ट तिने तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी वानर दोन झाले होते आणि आम्ही पळून गेलो होतो.

तो दिवस रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूजेसाठी देवघरात गेलो तेव्हा गंध उगाळून ठेवलेले होते. घट्ट, जसे असावे तसे. बाहेर येऊन पाहतो तो टेबलावर पोहे आणि जिलेबी, पण ताटली एकच.

"तुझे?" आम्ही विचारले.

"मला आज नको. कालच्या वड्या पोटात आहेत," ती पाठमोरीच म्हणाली. "आणि संध्याकाळी येताना बेलाची पाने मिळाली तर बघा. नाही मिळाली तरी चालेल म्हणावे."

खंड पडलेले व्रत पंधराव्या सोमवारापासून पुढे चालविता येते काय, हा शास्त्रार्थ आमच्या अगदी जिभेवर आला होता. तो आम्ही पोह्यांबरोबर गिळला आणि शाळेत गेलो.