काटा आणि कान

आमच्या घरी नेहमी सात-आठ पेट्या असतात. पण त्यांतली एकही आमची नाही. कुणाची देवळातली, कुणाची भजनी मंडळाची, कुणाची आजोबांच्या वेळची, भाता फाटलेली. अण्णा त्या दुरुस्त करतात. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे "पोरगी शिकलेली आहे, तिला विचारा" हे वाक्य आमच्या ओसरीवर हल्ली फार ऐकू येते. त्याच वाक्याने मला या भानगडीत ओढले.

पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ, एका टोकाला रिबीट मारून बसवलेली. मोकळे टोक किंचित खरवडले की सूर चढतो, रिबिटाजवळ खरवडले की उतरतो. नर-नर पेटीत एका पट्टीखाली दोन सूर बोलतात. ते जुळले नसले की आवाज लहरी मारतो. एक ४४० आणि दुसरा ४४२ कंपनांचा असेल तर सेकंदाला दोन लहरी. अण्णा डोळे मिटून त्या लहरी ऐकतात, कानस फिरवतात. लहर लांबत लांबत नाहीशी झाली की "हं" म्हणतात. लहानपणी मला वाटे, त्या "हं" नेच सूर जुळतो.

गेल्या दिवाळीत एक पेटी परत आली. तार सप्तक लागत नाही, अशी तक्रार. अण्णांनी तीनदा ऐकून "चोख आहे" असा निर्वाळा दिला. मला मात्र लहर स्पष्ट ऐकू येत होती. मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात दुसरी पेटी आली, मग तिसरी. शेवटी आईने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे धाडले. वरच्या आवाजांचे ऐकणे कमी झाले आहे, ते आता परत यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. हत्यारांच्या पेटीवर धोतराचा तुकडा पांघरून बसून राहिले.

तेव्हा मी माझ्या मोबाईलवर सूर मोजणारा काटा उतरवून घेतला. सूर चढा असला की काटा उजवीकडे, उतरता असला की डावीकडे. जुळला की हिरवा. भाता जोरात दाबला तर तो जरा खाली सरकतो, म्हणून मी एकसारखा भाता मारायला शिकले. अण्णा पाहून काम करू लागले. पेट्या परत यायच्या थांबल्या आणि मी कॉलेजात उगाच ताठ मानेने हिंडू लागले.

हळूहळू मात्र अण्णा खालच्या सप्तकासाठीही काटाच पाहू लागले. जे त्यांना अजून उत्तम ऐकू येत होते, तेसुद्धा! "हं" म्हणणे बंद झाले.

मग एक बुवा आले. वीस वर्षांचे गिऱ्हाईक. म्हणाले, "अण्णा, काय केलंत? गंधारावर गळा टेकत नाही." काटा लावला, तर हिरवा. अण्णांचा चेहरा उतरला.

मी ग्रंथालयातून ध्वनिशास्त्राचे पुस्तक आणले. काटा सप्तकाचे १२०० भाग करतो आणि प्रत्येक पट्टीला १०० देतो. म्हणजे शुद्ध गंधार ४०० वर. पण षड्जाशी खरोखर मिळणारा गंधार असतो ३८६ वर. पंचमात फरक अवघा दोनचा, गंधारात चौदाचा! पियानोचीही गंमत अशीच. त्याच्या तारा ताठ, म्हणून वरचे सूर जरा चढे आणि खालचे जरा उतरते ठेवावे लागतात. साध्या काट्यावर तंतोतंत लावलेला पियानो कानाला रुचत नाही. आणि आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावले, ते १९७१ पर्यंत नीटसे उघडले नाही, त्यामागे पेटीच्या या ठोकळ सुरांवरचा रागही होताच.

हे सारे मी मोठ्या ऐटीत अण्णांना समजावून सांगितले. ते ऐकत राहिले आणि हसले.

"अगं, हे गंधार ट्यूनिंग. बुवांचा सा काळी एकचा, म्हणून पांढरी चार उतरवून ठेवायची. वीस वर्षं मीच ठेवत आलो."

"मग या खेपेला?"

"काटा हिरवा होता ना," ते म्हणाले.

मला पुस्तक मिटावेसे वाटले. त्यांच्या हातात काटा मीच दिला होता.

त्यांनी मोबाईल पालथा घातला, पांढऱ्या चारचे सूर सोडवले, रिबिटाजवळ कानस फिरवली. सूर बसवून मला भाता मारायला सांगितला. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. चौथ्या खेपेला "हं" आले. मग तार सप्तकावर बोट ठेवून ते माझ्याकडे पाहू लागले.

"इथे लहर येते का गं?"

येत होती. या वेळी मी सांगितले.

आता मी दर शनिवारी वसतिगृहातून घरी जाते. वरचे सप्तक राहिलेल्या पेट्या ओसरीच्या उजव्या अंगाला मांडलेल्या असतात. मार्चमध्ये परीक्षा आहे; तेव्हा तीन शनिवार चुकतील, हे अण्णांना अजून सांगायचे आहे.