मुदतीचा पाहुणचार

एखाद्या मुक्या प्राण्याला जन्मभरासाठी घरात घेणे हे व्रत आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे शिळ्या पोळीचा तुकडा टाकून पुढे जाणे हा स्वस्त पुण्यसंचय आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि ती अशी की, आजारी अथवा टाकून दिलेले जनावर मुदतीपुरते आपल्या घरी आणावे, त्याचा औषधोपचार करावा, माणसांत वावरण्याचा त्याचा गेलेला विश्वास परत मिळवून द्यावा आणि लायक कुटुंब भेटताच त्याला त्यांच्या स्वाधीन करून आपण बाजूला व्हावे. तहसील कचेरीत नाझराच्या खुर्चीवर माझी बरीचशी हयात गेली. परक्याचा माल जपून ठेवणे आणि हक्कदार रुजू होताच पावती घेऊन परत करणे, हे काम त्यामुळे मला नवे नव्हते. मात्र कचेरीच्या कोठीतल्या कोणत्याही मालाने कधी शेपटी हलविली नव्हती, एवढाच काय तो फरक.

भूतदयेच्या बाबतीत आमचा वर्धा जिल्हा उणा आहे असे कोणी म्हणणार नाही. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोपुरीत गोसेवेला वाहिले आणि १९४२च्या फेब्रुवारीत ते गेले. गवळाऊ ही गोजात आर्वीकडची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरविणारी सिंदी रेल्वेची मुले साऱ्या विदर्भात नाव मिळवून आहेत. आणि अलीकडच्या काळात पिपरी मेघे येथे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’चा करुणाश्रम जखमी पशुपक्ष्यांना आसरा देत आला आहे. तथापि या दयेच्या दरबारात कुत्र्याचे आसन दाराबाहेरच राहिले. गाय माता झाली, बैल धनी झाला; कुत्रे मात्र गावाचे म्हणजे कोणाचेच नाही असे ठरले.

या ‘कोणाचेच नाही’ अवस्थेवर गांधीजींनी फार कठोर लिहिले आहे. शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, मुक्कामाला येण्याच्या दहा वर्षे आधी, १९२६ साली, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारात फिरणारी साठेक कुत्री मारविली, तेव्हा उठलेल्या वादळात त्यांनी ‘यंग इंडिया’मध्ये लेखमाला लिहून उभय पक्षांना नाराज केले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे होते की, धनी नसलेले कुत्रे ही समाजाच्या अज्ञानाची आणि आळसाची खूण आहे. तुकडा फेकणे ही दया नव्हे, आणि ज्याला खरोखर दया येते त्याने त्या प्राण्याचा भार अंगावर घ्यावा. त्यांचे सारेच निष्कर्ष आज पटतील असे नाही. पण दयेला जबाबदारीच्या तराजूत तोलण्याची त्यांची रीत मात्र मला सेवाग्रामच्या रस्त्यावर राहत असल्यामुळे नव्हे, तर एका तांबड्या कुत्रीमुळे समजली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या चैत्रात, माझ्या पुतणीने तिला आणले. प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींच्या गटात ती असते. कुत्री तीन-चार वर्षांची असावी; फासळ्या मोजून घ्याव्यात अशी हाडकुळी, कानांत गोचिडांची दाटी, आणि मानेभोवती केस झिजून गुळगुळीत झालेले एक पूर्ण कडे. ते कडे पाहिले आणि सारी कैफियत कळली. जन्माने ती रस्त्यावरची नव्हती. कोणीतरी पट्टा बांधून पाळली होती आणि रक्ताचे थेंब अंगणात पडू लागले तेव्हा पट्टा काढून हाकलून दिली होती. जनावर असे उपाशीतापाशी सोडून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये लिहिलेला आहे, आणि बाजारात आज तेवढ्यात पट्टाही येत नाही.

ती माजावर आहे असा सगळ्यांचा समज होता. “काका, ही माजावर नाही, ही गाठ आहे,” असे सांगून तरुण पशुवैद्य बाईंनी गाठीतील पेशी काचपट्टीवर घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान पक्के केले. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढणारी ही गाठ, जिला दवाखान्यात सर्रास ‘टीव्हीटी’ म्हणतात, हा कर्करोगांतला एक विलक्षण प्रकार आहे. कारण यात जंतू नव्हे तर कर्करोगाच्या जिवंत पेशीच समागमातून एका कुत्र्याच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जाऊन रुजतात, आणि आज जगभर आढळणाऱ्या या गाठींचे मूळ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यात आहे असे संशोधक सांगतात. माणसाला त्याची बाधा होत नाही. सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही की, व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध आठवड्याला एकदा याप्रमाणे साधारणतः चार ते सहा वेळा शिरेतून दिले असता बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

हे औषध सदाफुलीपासून काढतात हे ऐकले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून अंगणाकडे पाहिले. ज्या झाडाची फुले त्या रोज देवाला वाहत, त्याच्याच पानांतले द्रव्य माणसांच्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आणि या टाकलेल्या कुत्रीवर सारखेच चालते, हे त्यांना फार भावले. शेजारच्या एका गृहस्थांनी लगेच पाने वाटून पाजण्याचा सल्ला दिला. डॉक्टरीणबाईंनी तो ठामपणे मोडून काढला. झाड विषारी आहे, आणि शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघणारे ते द्रव्य मापानेच द्यावे लागते.

त्या मापाची किंमत मी दर आठवड्याला जवळून पाहिली. पुढच्या पायावरचे केस चार बोटे रुंद भादरून, आधी साधे सलाईन सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री करायची, मग ते पाण्यासारखे दिसणारे औषध, मग पुन्हा सलाईन. कारण एक थेंब जरी शिरेबाहेर सांडला तरी तिथले मांस सडते. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच मंजुरी, अन्यथा मुदत पुढे. घरी आल्यावर काही दिवस तिचे मलमूत्र उचलताना हातमोजे घालण्याचा हुकूम होता, कारण औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो. ती मात्र माझ्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राही; आणि सुई निघताच तो भादरलेला पाय आधी चाटी आणि मग माझा हात.

नाव ठेवायचे नाही, असे मी पहिल्या दिवशीच बजावले होते. “नाव नाही तं हाक कशी मारायची?” असा बिनतोड सवाल करून सौभाग्यवतींनी तिला तांबू म्हणायला सुरुवात केली. आमचे स्वयंपाकघर निरामिष. सबब मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडून तिच्यासाठी अंडी उकडण्याची तजवीज झाली. दूधपोळीचा बेत डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात बंद केला, कारण मोठ्या कुत्र्यांपैकी कित्येकांना दूध पचत नाही. रोज दूध घालणारा गडी फाटकाबाहेरूनच विचारी, “काकाजी, म्हातारपणी हे काय लावून घेतलं जी मांगं? उद्या पोरायले चावली तं?” पुढे तोच येता-येता तिच्यासाठी खिशात बिस्किट ठेवू लागला, आणि मी ते थांबविले नाही, ते का, हे पुढे सांगतो.

शरीर बरे होणे हा या कामाचा अर्धाच भाग होय. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा कूलरशिवाय घर म्हणजे भट्टी. पण कूलर सुरू होताच ती थरथरत मोरीत जाऊन बसे. तेव्हा पंखा बंद ठेवून नुसते पाणी सोडायचे, ओल्या वाळ्याच्या ताटीपाशी तिची वाटी ठेवायची, मग पंखा क्षणभर लावून बंद करायचा, असा क्रम चालविला. अखेरीस एका दुपारी ती आपण होऊन आली आणि वाळ्याच्या गार झुळुकीत पोट टेकून अशी झोपली की, फाटकाची कडी वाजली तरी उठेना. झाडू, काठी, मोटारसायकलचा आवाज, जिन्यावरची मुले, अशा एकेका भीतीचे निवारण याच सावकाशीने करावे लागले.

परंतु सर्वांत अवघड कर्तव्य निराळेच होते. असा प्राणी आपल्यालाच बिलगतो, आणि ते बिलगणे आपल्याला गोड वाटते. वास्तविक त्याचा विश्वास एका माणसापुरता राहिला तर नव्या घरी तो पुन्हा अनाथ होतो. म्हणून तिची वाटी कधी शेजारच्या मुलीच्या, कधी पुतणीच्या, कधी त्या दूधवाल्याच्या हातून दिली जाईल, ती रोज थोडा वेळ एकटी राहील आणि मी दाराबाहेर पडलो तरी कालवा करणार नाही, याचा बंदोबस्त मी जाणूनबुजून करीत गेलो. माझी गरज तिला उरू नये यासाठी मी खपत होतो, आणि ते मला कचेरीतल्या कोणत्याही कामापेक्षा जड गेले.

गाठ नाहीशी झाली, रक्त सुधारले, आषाढात नसबंदी व रेबीजची लस झाली. त्याच श्रावणात देशभर भटक्या कुत्र्यांचा वाद पेटला होता. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा हुकूम दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे ठरविले. पारावर रोज दोन तट पडत: एक म्हणे कोंडा, दुसरा म्हणे सोडा. घरी न्या, असे म्हणणारा तट मात्र मला भेटला नाही.

दत्तक घेऊ इच्छिणारे आले ते बहुधा विलायती पिल्लाच्या शोधात. गावठी, वयात आलेली, त्यातून मादी, म्हटले की पाठ फिरवीत. एका कास्तकाराला शेतावर रानडुकरे हाकलायला कुत्रे हवे होते. त्याची अडचण खोटी नव्हती, पण रात्रंदिवस साखळीला बांधून ठेवण्याची त्याची अट मला मान्य होण्यासारखी नव्हती, आणि तसे त्याला चहा पाजून सांगितले. अखेरीस देवळीकडचे एक शिक्षक दांपत्य आले. पुतणीने त्यांचे घर जाऊन पाहिले. घर स्वतःचे की भाड्याचे, सासूबाईंची संमती आहे काय, सुट्टीत गावी गेलात तर सांभाळील कोण, असे प्रश्न विचारले. वर्षाची लस चुकविणार नाही आणि न जमल्यास रस्त्यावर न सोडता आमच्याकडेच परत आणू, अशी लेखी कबुली घेतली. पोळा होताच तांबू गेली. लसीचे कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तिच्या सवयींची मी लिहिलेली यादी त्यांच्या हवाली केली, आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणे पोचही घेतली.

मला हा लेख ज्यांच्यासाठी लिहावासा वाटला ते माझ्यासारखेच पेन्शनर आहेत. मुले पुण्या-हैदराबादेला गेली, घरात दोन खोल्या रिकाम्या, सकाळ-संध्याकाळ मोकळी, आणि जन्मभराचे कुत्रे पाळायला आता वयाची हमी नाही, ही तुमची अडचण मला ठाऊक आहे. मुदतीच्या सांभाळाला जन्मभराची हमी लागत नाही; लागतो तो थोडा वेळ, थोडी शिस्त आणि सोडून देण्याची तयारी. औषधपाण्याचा खर्च पुष्कळदा प्राण्यांसाठी झटणारे गट आणि चार परिचित मिळून उचलतात. तेव्हा दारातल्या कुत्र्यांना रोज तुकडा घालीत असाल तर एवढे करा: त्यांतल्या एकाची मुदतीपुरती पुरी जबाबदारी घ्या, आणि मुदत संपली की लायक घर पाहून त्याला निरोप द्या. दुसरे वाट पाहतच असते.