भात सोडावा का?

म्हैसूरच्या गोकुलम भागात आहाराचा सल्ला मागावा लागत नाही. योगवर्गांसाठी देशोदेशींहून आलेली मंडळी आणि त्यांच्यासाठी निघालेली उपाहारगृहे तो आपण होऊन देतात. माझी थोरली बहीण सध्या आमच्याकडे असते. वजन नव्वदीपार, मधुमेहाच्या गोळ्या सुरू. तिने विचारले, "भात-भाकरी अजिबात सोडली तर?"

मला २००३ सालचा एक प्रयोग आठवला. गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६३ स्थूल प्रौढांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाच्या हाती डॉ. अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक दिले : पहिले दोन आठवडे दिवसाला अवघी २० ग्रॅम कर्बोदके, उष्मांकांवर मात्र बंधन नाही. दुसऱ्या गटाला कमी उष्मांकांचा, कमी स्निग्धांशाचा रूढ आहार. त्यातील साठ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ७ टक्क्यांनी घटले, दुसऱ्याचे ३.२ टक्क्यांनी. वर्षअखेरीस हेच आकडे ४.४ आणि २.५ झाले आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक आकडा पाहावा : ४१ टक्के सहभागी प्रयोग अर्धवट सोडून गेले. माझ्या मते या शोधनिबंधातील सर्वांत बोलका आकडा हाच. पुढे २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या प्रयोगातही वर्षभरातील घट कमी कर्बोदकांच्या गटात ६ किलो, कमी स्निग्धांशाच्या गटात ५.३ किलो, म्हणजे जवळपास सारखीच निघाली.

पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरातील ग्लायकोजेनचा साठा सरतो आणि त्याने धरून ठेवलेले पाणीही जाते. जाहिरातींतील छायाचित्रे बहुधा याच आठवड्याची असावीत!

ताई शाकाहारी. मांस-अंड्यांवर उभा राहिलेला तो आहार तिच्या ताटात कसा बसावा? तिच्या वरणाच्या डाळीतही निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच. तथापि, भारतीय आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, तीही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांतून, असे आयसीएमआरच्या पाहणीत आढळले आहे. तेव्हा भात कमी करण्यास जागा पुष्कळ आहे.

मात्र मधुमेहाच्या काही गोळ्या घेत असताना कर्बोदके एकाएकी तोडली तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून ताई आधी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मात्रा बदलून दिली. आता भाताची वाटी निम्मी झाली आहे, मटकीची उसळ आणि ताक वाढले आहे, भाकरी कायम आहे. पाच महिने झाले. वर्ष व्हायला अजून सात आहेत.