रंकाळ्याची उलटी फेरी

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद खाली ठेवला आणि विचारले, "सर, कॉलेजला कसे जाता?"

"स्कूटरने."

"म्हणजे चालते ती स्कूटर. तुम्ही कधी चालता?"

मराठीच्या प्राध्यापकाला निरुत्तर करणारी माणसे थोडी. पण उपाशीपोटी साखर एकशे साठ भरलेली, तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालायला सांगते, हेही त्यांनी ऐकवले. सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी कॅनव्हासचे बूट आणले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी रंकाळ्यावर हजर झालो.

कोल्हापूरकराने रंकाळा सोडून दुसरीकडे फिरायला जाणे म्हणजे घरची अंबाबाई सोडून परगावी नवस बोलण्यासारखे आहे. पूर्वी इथे दगडाची खाण होती, धरणीकंप झाला आणि पाणी वर आले, अशी कथा सांगतात. उजाडताना पाण्यात बुडालेला संध्यामठ हळूहळू दिसू लागतो. १९३१ ते ३४ च्या दरम्यान बांधलेला शालिनी पॅलेस काठावरच्या झाडांतून डोके वर काढतो. आणि इथला तो नंदी! तो म्हणे रोज गव्हाच्या दाण्याइतका पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याइतका मागे येतो. लहानपणी वडील आम्हा दोघा भावांना ही गोष्ट सांगत, आणि आम्ही नंदी हलला का ते पाहायला थांबत असू.

तिसऱ्या दिवशी समोरून दादा आले.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वडील गेल्यावर मंगळवार पेठेतले घर विकायचे की राखायचे, यावरून आमचे बोलणे बंद झाले, त्याला चार वर्षे झाली होती. ते डावीकडून फेरी घालत होते, मी उजवीकडून. मी संध्यामठाकडे पाहिले, त्यांनी शालिनी पॅलेसकडे. अर्ध्या तासाने पुन्हा समोरासमोर! स्टाफरूममधल्या गणिताच्या सरांना सहज विचारले. ते म्हणाले, "दोन माणसे सारख्या वेगाने उलट दिशेने गोल फिरली, तर एका फेरीत दोनदा भेटणारच. इलाज नाही." इलाज एकच होता, आणि तो मी केला. रंकाळा सोडला.

लोक मला विचारत, "रोज नवी वाट? हौशी आहात बुवा!" मी हसून मान डोलवी.

प्रथम पंचगंगेचा घाट धरला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच जणी मिळून ही नदी होते. पहाटे काठावरच्या दगडी देवळांतून चालताना पायांना पायऱ्यांचा व्यायाम आपोआप घडतो. पण तिथेही मन रमेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा याच रस्त्याच्या कडेला मी आणि दादा एका छत्रीखाली उभे राहून पाणी कुठवर चढले ते पाहत होतो.

मग टाऊन हॉलची बाग. जुनी झाडे, गार सावली आणि मध्ये १८७२ ते ७६ मध्ये उभी राहिलेली ती टोकदार छपरांची इमारत. आत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची इवलीशी ब्राँझची मूर्ती एकदा सवड काढून पाहिली. हा देव समुद्र ओलांडून पंचगंगेच्या काठी येऊ शकला, आणि आम्ही दोघे एका पेठेचे! पण बाग लहान. दहा फेऱ्या मारल्या की माळ्याला वाटे, यांचे काहीतरी हरवले आहे.

शेवटी सागरमाळावर गेलो, शिवाजी विद्यापीठात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर सुमारे ८५३ एकरांचा. मोकळा वारा, झाडी, पाणथळी, पहाटेच्या वेळी मोरांची केकावली. एवढ्या पसाऱ्यात कोण कुणाला भेटणार? महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला नमस्कार करून मी झाडीतल्या रस्त्याला लागलो. वळणावरच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बुटाची नाडी बांधत बसले होते. त्यांनी मान वर केली.

दादा!

"तू इकडे?" ते म्हणाले.

"रंकाळ्यावर फार गर्दी असते."

"होय. फारच." त्यांनी नाडीला दुसरी गाठ मारली. मला चुकवायला तेही गावभर फिरत होते, हे दोघांनाही एकदमच कळले.

जवळच मोर ओरडला. मग दादांनी विचारले, "किती?"

"एकशे साठ. तुमची?"

"दोनशे दहा. आप्पांचीही तेवढीच असायची." आणि थोड्या वेळाने, "वाटणी न करता दोघांना मिळाले ते एवढेच बघ."

मी हसलो, मग तेही हसले. वडिलांसारखेच खोकत हसतात ते, हे मी चार वर्षांत विसरलो होतो.

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध प्यालो. "बिनसाखरेचे," दोघांनी एकदमच सांगितले.

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दादांना ते राखायचे आहे, मला विकायचे. पण हल्ली आम्ही पुन्हा रंकाळ्यावर जातो आणि एकाच दिशेने चालतो. संध्यामठापर्यंत घराविषयी बोलतो, पुढे आवाज चढू लागला की साखरेविषयी. एखाद्या दिवशी गव्हाच्या दाण्याइतके पुढे जातो, दुसऱ्या दिवशी तांदळाच्या दाण्याइतके मागे येतो. परवा नंदीपाशी आलो तेव्हा दादा क्षणभर थांबले.

"हलला का रे?" त्यांनी विचारले.