नुक्ते, स्वर आणि नवरीचे नाव

लग्नाआधी रतजग्याला आमच्या घरांत बायका जमतात. एक जण ढोलक गुडघ्याखाली धरते, दुसरी तिच्या लाकडावर चमचा वाजवते आणि गाणी सुरू होतात, दख्खनीत. (वर्गात जी बोली आम्ही लाल शाईने सुधारतो, तीच!) वही कोणी उघडत नाही. ज्या लहानपणी आईशेजारी बसल्या, त्यांना येते.

शाळेच्या गॅदरिंगला यातली दोन गाणी घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही शिक्षिकांनी ती स्वरांत लिहायला घेतली. पेटी होती. भातखंड्यांच्या खुणा ठाऊक होत्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारसप्तकाला वर. पण सरगम देवनागरीत डावीकडून चाललेली आणि तिच्याखालचे उर्दू शब्द उजवीकडून! पहिल्या स्वराखाली ओळीचा शेवट येई. मग सरगमही उर्दूत लिहिली, तर नुक्ते आडवे आले. 'पा'खाली तीन नुक्ते आधीच असतात, चौथा मंद्राचा कुठे देणार? 'नी'वरचा नुक्ता अक्षराचा की तारसप्तकाचा? शेवटी बिंदूंऐवजी बारीक वर्तुळे काढली.

हे जमले. खरी अडचण नावांची निघाली. या गाण्यांत नवरीचे, तिच्या भावांचे, चाचा-खालांचे नाव गुंफायची जागा असते. 'हिना' दोन स्वरांत मावते. तिथे 'मेहरुन्निसा' आली की आमच्या फूफी पुढचा शब्द गिळतात आणि समेवर बरोबर पोचतात. खालाजान तेच नाव आधीच्या मात्रेपासून उचलतात. दोन्ही बरोबर. कागदावर कोणाचे लिहायचे?

'हे लिहिणे आपल्यातले नाही,' असे काही वडीलधारी म्हणाले. ते आम्हाला पटत नाही. बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. न लिहिण्याचे काय होते, तेही दिसतेच. विजापूरच्या सूफी परंपरेत बायकांनी दळताना म्हणायचे चक्कीनामे होते. रिचर्ड एटन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिले आहे. त्यांचे शब्द आज वाचता येतात, पण जात्याच्या फेऱ्याबरोबर ते कसे म्हणत, हे शब्दांवरून कळत नाही.

तरुण मंडळी म्हणतात, मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. करतोच. पण रेकॉर्डिंगमध्येही नवरी एकच असते.

म्हणून वहीत आम्ही फूफींची आणि खालाजानची, दोघींची तऱ्हा लिहिली आणि नावाची जागा कोरी सोडली. सातवीच्या मुली तिथे आपापल्या बाजींची नावे घालतात. परवा एक म्हणाली, "टीचर, माझ्या बाजीचं नाव लांब आहे, ढोलक जरा थांबवायला सांगा ना." ढोलकवाली थांबली नाही. तिसऱ्या खेपेला त्या मुलीने नाव बसवले, फूफींसारखे नाही आणि खालाजानसारखेही नाही. तेही आम्ही वहीत उतरवून घेतले.