दाभोळच्या खाडीत गेलेलं पाणी

६७.५ टीएमसी. गुहागरहून परभणी जिल्ह्यातल्या आमच्या झरीला येताना हा आकडा सोबत आला आणि अजून डोक्यातून जात नाही.

धाकटा भाऊ गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मराठवाड्यातली बरीच पोरं तिकडे मास्तर म्हणून गेली आणि बदलीची वाट बघत राहिली, त्यातलाच तो. मे महिन्यात म्हणाला, "दादा, एकदा समुद्र तरी बघून जा." एका दिवसात सगळं दाखवायचं म्हणून पहाटेच गाडी काढली. सोबत त्याच्या शाळेतले चिपळूणचे गुरुजी होते.

उत्तरेला वाशिष्ठीची म्हणजे दाभोळची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची आणि मधे समुद्रात घुसलेला जांभ्या दगडाचा मुलूख. रस्ता सतत चढतो, वळतो, उतरतो. अंजनवेलला गोपाळगड, आत आंब्याची कलमं. पुढे टाळकेश्वर, दीपगृह, आणि ज्याच्यावरून एवढं राजकारण झालं तो एन्रॉनच्या वेळचा वीजप्रकल्प. समुद्र मोठाच आहे, त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार?

धोपाव्याच्या धक्क्यावर दाभोळची फेरीबोट येईपर्यंत थांबलो होतो. मी सहज विचारलं, उन्हाळ्यात वाशिष्ठी वर कोरडीच असेल ना? गुरुजी म्हणाले, "नाही हो, वर चिपळूणला बारा महिने वाहते. कोयनेचं अवजल आहे ना."

कोयना कृष्णेची उपनदी, सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणारी. तिचं धरणात अडवलेलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. पोफळीला त्याच्यावर वीज होते, खाली कोळकेवाडीला पुन्हा होते, आणि मग ते वाशिष्ठीत पडून या खाडीवाटे समुद्रात जातं. कृष्णा खोऱ्याच्या बच्छावत लवादानं त्याला मान्यता दिलेली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी. मी पुन्हा विचारलं, सहा की सदुसष्ट? सदुसष्ट.

जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी. त्या धरणात वरून किती पाणी सोडायचं यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा कोर्टात भांडतात. कालव्याच्या टेलला पाणीपाळी पोचेल का, म्हणून आमच्या जिल्ह्यात शेतकरी रात्र-रात्र जागतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरांहून जास्त. मी धक्क्यावर उभा राहून मोबाइलवर गुणाकार करत राहिलो. बोट आली, गाड्या उतरल्या, चढल्या, बोट गेली.

"हे फुकट चाललंय," मी म्हणालो. गुरुजींना ते लागलं. ते म्हणाले, या पाण्यावर आमचं चिपळूण उन्हाळा काढतं, खाडीतल्या मासळीलाही गोडं पाणी लागतं. आणि जुलै २०२१ च्या पुरात हीच वाशिष्ठी त्यांच्या माळ्यापर्यंत चढली होती. पाणी म्हटलं की त्यांना जे आठवतं ते मला आठवत नाही.

वेळणेश्वरच्या रस्त्याला एका वाडीवर टँकरसमोर बायकांची रांग होती. आमच्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे तीन हजारांवर, आणि हंडे तसेच. जांभा पाणी धरत नाही, उतार तीव्र, समुद्र जवळ. भावानं कारणं सांगितली. कारणं आमच्याकडेही कमी नाहीत. इतक्या पावसाच्या मुलखात बायकांनी रांगेत उभं राहायचं, ही लाजेची गोष्ट आहे. आधी वाडीवाडीला साठवण टाक्या बांधा, मग काय ते पर्यटन करा.

हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी खडकाच्या चिरेतून घुसून सरळ वर उडत होतं. भाऊ फोटो काढत होता, मी गुरुजींना विजेचं विचारत होतो. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा कोयनेचा मोठा आधार असतो. म्हणजे झरीतल्या माझ्या घरातही त्या पाण्याचा वाटा आहेच.

शिवाय परभणी गोदावरीच्या खोऱ्यात. कोयनेचं पाणी पूर्वेला वाहिलं असतं तरी आमच्या शिवारात आलं नसतं, ते कृष्णेनं खाली गेलं असतं. हे मला चांगलं कळतं. पारावर कोणी म्हणालं की कोकणातलं पाणी वाया जातं, तर मी त्याला टँकरची ती रांग सांगतो, चिपळूणचा उन्हाळा सांगतो. मग मे महिन्यात बोअर उचक्या द्यायला लागलं की मीही तेच म्हणतो. उल्हास-वैतरणेचं पाणी गोदावरीत वळवायच्या योजनेची बातमी आली की ती पहिली वाचतो, आणि भावाला फोन करून विचारतो, तुमच्या वाडीला नळ आला का.